एकूण १५२, एएफएम ३८ आणि ग्रुप नापास : वहिनींच्या दुसऱ्या अटेम्प्टचं प्रकरण

वहिनींना विचारूनच लिहितोय. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की "भाऊजी, नाव घालू नका, मार्क खुशाल घाला." तर मार्कांपासूनच सुरुवात करतो.

मे २०२५ ला त्यांनी सीए फायनलचा ग्रुप वन दिला. त्यात तीन पेपर : एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) ६२, एएफएम (फायनान्सचा, गणितांचा पेपर) ३८, ऑडिट ५२. बेरीज १५२. ग्रुप निघायला ३०० पैकी १५० लागतात, ते झालेले, वर दोन जास्तच, पण प्रत्येक पेपरात किमान ४० ही दुसरी अट आहे आणि तिथं एएफएमनं अडवलं. बेरजेत दोन जास्त, पेपरात दोन कमी, म्हणजे नापास.

रिझल्ट लागला ६ जुलैला, रविवार, त्यात आषाढी एकादशी. घरात साबुदाण्याची खिचडी, टीव्हीवर पंढरपूर चालू, आणि वहिनी मोबाईल हातात धरून गॅलरीत. दादाला फक्त १५० चा आकडा माहिती. त्यानं मागून डोकावून १५२ बघितलं आणि "झाली, झाली!" म्हणून ओरडलाच, आई देवापुढं साखर ठेवायला उठली सुद्धा. वहिनी काहीच बोलेनात तेव्हा मी मोबाईल घेतला आणि मधला ३८ दिसला. घरात सीए मी एकटा, त्यामुळं ते सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. साखरेची वाटी हातात धरून उभ्या असलेल्या आईला किमान चाळीसचा नियम समजावणं, असलं काम कुणावर येऊ नये.

मला स्वतःला या विषयानं दोनदा पाडलंय, तेव्हा त्याला एसएफएम (स्ट्रॅटेजिक फायनान्शियल मॅनेजमेंट) म्हणायचे. मे २०२४ पासून नवीन स्कीम आली आणि त्याचं एएफएम झालं, म्हणजे अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट. १०० मार्कांचा पेपर, तीन तास, त्यात ३० मार्कांचे एमसीक्यू (पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न) आणि ७० चं लिहायचं. लिहायच्या भागात पहिला प्रश्न कंपल्सरी आणि उरलेल्या पाचांतले चार, प्रत्येक १४ चा. फॉरेक्स, डेरिव्हेटिव्ह, पोर्टफोलिओ, मर्जर, बिझनेस व्हॅल्युएशन, म्युच्युअल फंड, सिक्युरिटायझेशन, शेवटी स्टार्टअप फायनान्स असे पंधरा चॅप्टर. ज्यांना गणित आवडतं त्यांना हा विषय सोपा वाटतो, आणि नेमके तेच लोक यात आपटतात हे मी माझ्यावरून सांगतो.

पहिला आठवडा

पहिले चार दिवस कुणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी रात्री वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी फॅकल्टी बदलू का?" कुणीतरी सांगितलेलं की अमुक सरांचं एएफएम फार भारी, दहा-बारा हजारात फुल कोर्सची लिंक मिळते, दोनशे तासांची लेक्चर्स.

मी हिशोब मांडला. पुढचा अटेम्प्ट सप्टेंबरचा, एएफएमचा पेपर ६ सप्टेंबरला, म्हणजे निकालापासून बरोबर दोन महिने. (सीए फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा होते, आमच्या वेळी दोनदाच होती आणि मधले सहा महिने माणूस नुसता कुढत बसायचा, ते एक बरं झालं.) वहिनी एका सीएच्या ऑफिसात नोकरी करतात, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात. सकाळचे तीन तास आणि रात्रीचा दीड तास धरला तर रोज साडेचार तास. त्यातले दोनशे तास लेक्चर बघण्यात घातले तर शिल्लक काय राहतं, आणि ऑडिट कधी करणार?

कारण ऑडिटही परत द्यायचं होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पेपरात ६० किंवा जास्त पडले तर त्या पेपरला एक्झेम्प्शन मिळतं, पुढचे तीन अटेम्प्ट तो पेपर द्यावा लागत नाही आणि ते मार्क बेरजेत धरतात. वहिनींचं एफआर ६२ होतं म्हणून ते सुटलं. ऑडिटचे ५२ मात्र वाया. म्हणजे आता ६२ धरून उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८८ हवेत आणि दोन्हीकडं किमान ४०. कागदावर फार अवघड नाही दिसत. पण ज्या माणसाला एका विषयानं पाडलेलं असतं तो सगळा वेळ त्याच विषयाला देतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या विषयात पडतो, असं मी ऑफिसात आर्टिकल्सचं (सीए शिकता शिकता काम करणाऱ्या पोरांचं) बघितलेलं आहे. आणि तरीही हीच चूक पुढं मी वहिनींकडून करवून घेतली, ते येईलच.

"फॅकल्टी राहू द्या," मी म्हणलं, "आधी कॉपी मागवा."

कॉपी

रिझल्टनंतर पाचशे रुपये भरले की आपल्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मिळते. बरेच जण मागवतात ते मार्क वाढतील या आशेनं, पण परत तपासणी होत नाही, फक्त बेरीज चुकली का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढंच बघतात. मी म्हणलं मार्क वाढवायला नाही, तुम्ही त्या तीन तासांत काय करत होता ते बघायला मागवा.

कॉपी आली जुलैच्या शेवटी. वहिनींनी ती स्वतः उघडली नाही, माझ्याकडं पाठवली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

लिहायच्या भागात ७० पैकी २०. म्हणजे एमसीक्यूचे ३० पैकी १८, ते बरे होते. कंपल्सरी प्रश्नाला ७, पुढच्याला ६, मग ४, मग ३, आणि पाचव्याला शून्य. पाचव्याचं नुसतं डोकं लिहिलेलं, प्रश्न क्रमांक आणि प्रश्नात दिलेले आकडे परत उतरवून काढलेले, त्याखाली पान कोरं. चार-चार मार्कांचे थिअरीचे दोन तुकडे होते, तेही कोरे. अन् चार मार्कवाल्या उत्तरात एक अख्खं पान तिरकी रेघ मारून खोडलेलं. मी ते खोडलेलं पान वाचत गेलो तर रीत बरोबर! बीटा (शेअरची जोखीम मोजणारा आकडा) बरोबर काढलेला, डिस्काउंट रेट बरोबर, शेवटच्या ओळीत कॅल्क्युलेटरची गडबड होऊन आकडा विचित्र आला म्हणून बाईंनी सगळंच खोडलं आणि दुसऱ्या पद्धतीनं नव्यानं सुरू केलं, तेही अर्धवट राहिलं. या पेपरात स्टेपला मार्क असतात, शेवटचं उत्तर चुकलं तरी वरच्या वर्किंगचे मिळतात. ते एक पान खोडलं नसतं तर ३८ चे ४० झालेच असते असं मला वाटतं. पण हे मी त्यांना त्या दिवशी नाही सांगितलं, पेपर झाल्यावर सांगितलं.

मग विचारलं, एमसीक्यूला किती वेळ गेला? "सव्वा तास तरी गेला असेल हो, ते केस-स्टडीचे उतारे वाचण्यातच जीव जातो." सव्वा तास गेला म्हणजे उरले १०५ मिनिटं, त्यात पाच प्रश्न. पहिल्याला चाळीस मिनिटं दिली असं त्याच म्हणाल्या. मग बाकीच्या चारांना मिळून पासष्ट. पाचव्याचं पान कोरं का, ते इथं कळलं.

म्हणजे इथवर चित्र असं होतं की विषय येतो पण वेळ पुरला नाही. मला मात्र एवढ्यानं समाधान होईना, कारण ज्याला विषय येतो त्याला वेळ सहसा पुरतो. त्यांचं रजिस्टर मागितलं. काय रजिस्टर होतं! दोनशेच्या वर गणितं, निळ्या पेननं गणित, काळ्यानं वर्किंग नोट, उत्तराला चौकट, एकही खाडाखोड नाही. मला तिथंच शंका आली. स्वतः सोडवलेल्या गणिताला इतकी चौकट शोभत नाही हो. ती सगळी लेक्चर बघता बघता उतरवलेली होती. आणि रिव्हिजन म्हणजे ते रजिस्टर वाचणं. तीन वेळा वाचलं होतं, तिन्ही वेळा "समजलं" होतं.

डायनिंग टेबलवरचं गणित

त्या रविवारी दुपारी मी एक गणित हातानं लिहून दिलं, आकडे माझेच. आयात करणारी कंपनी, तीन महिन्यांनी २,००,००० डॉलर द्यायचेत. आजचा भाव डॉलरला ८४.२०–८४.३५ रुपये, तीन महिन्यांचा फॉरवर्ड (पुढच्या व्यवहाराचा आजच ठरवलेला भाव) ८४.७०–८४.९५. रुपयात ठेवीवर ६ टक्के, कर्ज ८ टक्के. डॉलरमध्ये ठेवीवर ३, कर्ज ५. कंपनीच्या हातात रोकड नाही. फॉरवर्ड घ्यावा की मनी मार्केट हेज करावा?

"हे येतं मला," वहिनी म्हणाल्या, आणि खरंच भराभर लिहायला लागल्या. रजिस्टर मी उचलून फ्रिजवर ठेवलं होतं.

फॉरवर्डचं सरळ आहे, २,००,००० गुणिले ८४.९५, म्हणजे १,६९,९०,००० रुपये. हे बरोबर लिहिलं. मनी मार्केटमध्ये आजच थोडे कमी डॉलर विकत घेऊन ३ टक्क्यांनी ठेवायचे म्हणजे तीन महिन्यांनी त्याचे बरोबर दोन लाख होतात. तीन महिन्यांचं व्याज पाऊण टक्का, म्हणून २,००,००० भागिले १.००७५, आले १,९८,५११.१७ डॉलर. हेही बरोबर. मग त्यांनी ८४.२० नं गुणलं, आले १,६७,१४,६४१ रुपये, त्यावर तीन महिन्यांचं दीड टक्का व्याज धरून १,६९,६५,३६०. निकाल लिहिला : मनी मार्केट हेज २४,६४० रुपयांनी स्वस्त, तोच करावा. चौकट.

"वहिनी, हे डॉलर तुम्ही घेताय की देताय?"

"घेतेय."

"मग बँक कुठल्या भावानं देईल?"

जरा थांबल्या. मी काही बोललो नाही. मग स्वतःच म्हणाल्या, "सोनाराकडं मोड द्यायला गेलं की एक भाव आणि नवीन घ्यायला गेलं की दुसरा. मी नवीन घ्यायला गेलेय, म्हणजे जास्तीचा. ८४.३५." आणि लगेच, "थांबा, पैसे पण नाहीयेत माझ्याकडं, म्हणजे कर्ज काढणार, म्हणजे सहा नाही, आठ!" ८४.३५ नं झाले १,६७,४४,४१७, त्यावर तीन महिन्यांचे दोन टक्के, १,७०,७९,३०६. म्हणजे फॉरवर्डच ८९,३०६ रुपयांनी स्वस्त. निकाल उलटा.

मला यात गंमत वाटली ती वेगळीच. दोनातली एकच चूक केली असती तरी निकाल बदलला नसता. नुसता भाव चुकला असता तर १,७०,४८,९३३ येतात, नुसतं व्याज चुकलं असतं तर १,६९,९५,५८३, दोन्हीकडं फॉरवर्डच स्वस्त राहतो. दोन्ही चुका एका दिशेनं झाल्या म्हणून उत्तर पालटलं. आणि दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं, आपण कोण आहोत आणि हातात काय आहे हे न विचारता पहिला दिसेल तो आकडा उचलणं. लेक्चरमध्ये हा प्रश्न सर विचारतात, आपण मान डोलावतो. सर नसले की तो प्रश्न विचारायला कुणी नसतं.

त्या दिवसापासून फॉरेक्सच्या प्रत्येक गणितावर पहिली ओळ, गणित वाचल्या वाचल्या लिहायची : मी कोण, काय घेते, कधी, पैसे आहेत का. वहिनींनी ती पेन्सिलनं लिहायला सुरुवात केली, नंतर नंतर नुसतं "नवीन" किंवा "मोड" एवढंच लिहायच्या. ऑफिसात त्यांना एक आर्टिकल विचारत होता म्हणे, मॅडम हे मोड म्हणजे काय.

नियोजन, आणि माझी चूक

नवीन लेक्चर नाही, हे ठरलं. नवीन पुस्तकही नाही. सीए इन्स्टिट्यूटचं स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), मॉक टेस्ट पेपर आणि आधीचे पेपर एवढंच. नियम एक केला, उत्तर दुसऱ्या खोलीत. अक्षरशः. प्रश्नांचे प्रिंटआउट वहिनींच्या टेबलवर आणि उत्तरांचे आईच्या कपाटात, गणित पूर्ण झाल्याशिवाय किंवा पंचवीस मिनिटं संपल्याशिवाय आईकडं मागायचं नाही. आईनं हे काम फारच मनावर घेतलं, एकदा वहिनी अठराव्या मिनिटाला उठल्या तर "सात मिनिटं आहेत अजून" म्हणून परत पाठवलं.

पहिल्या आठवड्यात रोज सहा गणितांतली जेमतेम दोन पूर्ण व्हायची. वहिनींचा चेहरा पडायचा, कारण रजिस्टर वाचताना दिवसाला तीस व्हायची ना. मी म्हणलं ती तीस तुमची नव्हतीच.

कॅल्क्युलेटरवर एक आख्खा दिवस घालवला आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. परीक्षेत साधाच कॅल्क्युलेटर चालतो, बारा आकडी, सायंटिफिक नाही. त्यामुळं पाचवं मूळ वगैरे काढायला ती जुनी युक्ती वापरावी लागते, बारा वेळा वर्गमूळ दाबा, एक वजा करा, पाचनं भागा, एक मिळवा, आणि मग गुणिले-बरोबर बारा वेळा. बारा म्हणजे बाराच, एक कमी-जास्त झालं की उत्तर पार भलतीकडं. वहिनी मनात मोजायच्या आणि आठव्या-नवव्याला कुणीतरी "दूध तापवलं का गं" विचारलं की मोजणं गेलं. मग त्यांनी शोधून काढलं, डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा, चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, बरोबर बारा. आई जप करते तसं. तसंच जीटीचं (ग्रँड टोटलचं) बटण. एनपीव्ही (पुढं येणाऱ्या पैशाची आजची निव्वळ किंमत) काढताना प्रत्येक वर्षाचा आकडा गुणून बरोबर दाबत जायचं, शेवटी जीटी दाबलं की बेरीज तयार, वेगळी मांडायला नको. एवढं साधं त्या वापरतच नव्हत्या, सगळं कागदावर परत मांडायच्या.

थिअरी पोळ्या लाटताना. सिक्युरिटायझेशनमध्ये, म्हणजे दिलेली कर्जं एकत्र करून गुंतवणूकदारांना विकण्यात, कोण कोण असतं : ओरिजिनेटर, एसपीव्ही (त्यासाठीच काढलेली वेगळी संस्था), गुंतवणूकदार, मग कर्जदार, रेटिंग एजन्सी, सर्व्हिसर, ट्रस्टी. दादा पोळी भाजायचा आणि प्रश्न विचारायचा, त्याला स्वतःला एसपीव्ही म्हणजे काय ते अजूनही नीट माहिती नाही. पण मे महिन्यात आठ मार्कांची पानं कोरी होती, आणि पाच मुद्दे लिहिले असते तर त्यातले तीन-चार तरी मिळालेच असते.

वेळेचं गणित असं बसवलं : एमसीक्यू ४५ मिनिटं, संपले नाही तरी पुढं जायचं, उरलेले शेवटी अंदाजानं गोल करायचे, निगेटिव्ह मार्किंग नाहीये. पाच प्रश्नांना प्रत्येकी २५. दहा हातात. आणि काहीही झालं तरी खोडायचं नाही. उत्तर विचित्र आलं तर खाली एक ओळ लिहायची आणि पुढं निघायचं.

३ ऑगस्टच्या रविवारी पहिला मॉक, दुपारी २ ते ५, परीक्षेच्याच वेळेला, कारण त्या वेळेला जेवून झोप येते आणि त्याचीही सवय लागते. मी तपासला, कंजूषपणे. ३६.

आधीपेक्षाही दोन कमी. वहिनी काही बोलल्या नाहीत, कॅल्क्युलेटर कव्हरमध्ये घातला आणि भांडी घासायला गेल्या, खरं तर भांड्याला बाई आहे. मला मात्र तो पेपर आवडला. पाचही प्रश्न सोडवलेले होते, एकही पान कोरं नव्हतं, खोडलेलं नव्हतं, थिअरी लिहिलेली होती. चुका होत्या, पण दिसणाऱ्या चुका होत्या. दिसणारी चूक दुरुस्त करता येते, कोऱ्या पानाचं काय करणार?

आता माझी चूक. एएफएमच्या नादात मी ऑडिटला रात्रीचा अर्धा तास ठेवला होता. ५२ पडलेत म्हणजे येतंच, असं धरून. १५ ऑगस्टला सुट्टी होती म्हणून सहज ऑडिटचा मॉक घेतला, तर ३४! एसएचे (ऑडिटच्या स्टँडर्डचे) नंबर विसरलेले, एथिक्सचे क्लॉज एकमेकांत मिसळलेले. मेमधलं पाठांतर ते, राहणार किती. वहिनी पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "तुम्हीच म्हणाला होतात भाऊजी, ऑडिट होतंय म्हणून." बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या दिवसापासून सकाळ एएफएम, रात्र पूर्ण ऑडिट, आणि ऑफिसला जाता-येता फोनमध्ये स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलेले एथिक्सचे क्लॉज. १७ तारखेच्या एएफएमच्या मॉकला ४७ आले तेव्हा घरात जरा हसणं-बोलणं सुरू झालं.

सुट्टी, गणपती, गौरी

नेहमी ३१ जुलैला आयटीआरची तारीख संपते आणि सीएच्या ऑफिसात ऑगस्टमध्ये थोडा श्वास घेता येतो. २०२५ ला तारीख वाढून १५ सप्टेंबर झाली. क्लायंट खूश, आणि ज्यांचा पेपर ६ सप्टेंबरला त्यांची वाट. वहिनींनी २० ऑगस्टपासून सुट्टी मागितलेली, त्यांचे सर म्हणाले रिटर्नं कोण भरणार. घासाघीस होऊन २८ पासून मिळाली. त्यांना दोष तरी काय द्यायचा, मीही सीए आहे, माझ्या ऑफिसात मीही तेच म्हणलं असतं. म्हणलोही होतो एकदा.

२७ ऑगस्टला गणपती बसले. ३१ ला गौरी येणार, १ ला पूजन, २ ला विसर्जन. आमच्याकडं त्यांना महालक्ष्म्या म्हणतात, नैवेद्याला सोळा भाज्या, पुरण, आणि पन्नास-साठ माणूस जेवायला. घरच्या सुनेनं त्या दिवशी खोलीचं दार लावून डेरिव्हेटिव्ह करायचं, हे आमच्या आत्याबाईंना पचणारं नव्हतं, त्यांनी फोनवर तसं सुनावलंही. आई एवढंच म्हणाली, "महालक्ष्म्या दरवर्षी येतात, हिची परीक्षा दरवर्षी यायला नको." पुरणपोळ्या त्या वर्षी बाहेरून आल्या, भाज्या आई आणि शेजारच्या काकूंनी केल्या. वहिनी पूजेला आल्या, हळदीकुंकू केलं, ओट्या भरल्या आणि अडीच तासांनी परत वर. वरच्या खोलीत आरतीचा आवाज जायचाच. त्या म्हणाल्या झांजेच्या तालावर वर्गमूळ दाबलं.

३० तारखेला शेवटचा मॉक झालेला, ५२. त्यानंतर मी एएफएमचं एकही नवीन गणित दिलं नाही, त्यांनी मागितलं तरी.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. नाशिकमध्ये त्या दिवशी दुपारी कुठंही जायचं म्हणजे दिव्यच, मेनरोड, रविवार कारंजा, अशोक स्तंभ, सगळीकडं मिरवणूक. दादानं आदल्या दिवशी संध्याकाळी स्कूटरवरून सेंटरपर्यंत जाऊन रस्ता बघून ठेवला होता, एक नाही दोन रस्ते. साडेअकरालाच निघाले, बाराच्या आधी पोचले, मग कॉलेजच्या बाहेर एका टपरीवर बसून दोघांनी दहीभात खाल्ला.

पेपर कसा गेला, तर वहिनींच्या शब्दात : "सातवा एमसीक्यू वाचताना घड्याळ बघितलं, पंचवीस मिनिटं झालेली, पोटात गोळा आला. पंचेचाळीसला सोडून दिले, तीन राहिले होते." कंपल्सरी प्रश्न पंचवीसात झाला नाही, तीस गेले. एका गणिताचं उत्तर पटलं नाही, हात खोडायला गेलाही, पण मग खाली ओळ लिहिली आणि सोडलं. पाचही प्रश्न लिहिले. शेवटच्या सहा मिनिटांत राहिलेले तीन एमसीक्यू, त्यातला एक खरा सोडवला आणि दोन गोल.

बाहेर आल्या तेव्हा ढोल ऐकू येत होते. घरी पोचायला पावणेदोन तास लागले, एरवी वीस मिनिटांचा रस्ता. आल्या आल्या "बोलायचं नाही एएफएमवर" म्हणाल्या आणि ऑडिटचं पुस्तक उघडलं, ते आठ तारखेला होतं. घरचा गणपती तेवढ्यात विसर्जनाला निघाला, त्याला मात्र खाली आल्या.

निकाल

३ नोव्हेंबरला लागला, सोमवार. मी ऑफिसात होतो, घरातून व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी आई दिसली, हातात वाटी, पण वाटीवर झाकण. मागून दादाचा आवाज, "एकूण नको सांगू, आधी प्रत्येकात चाळीस आहेत का ते सांग."

"एएफएम छप्पन्न," वहिनी म्हणाल्या. "ऑडिट सत्तेचाळीस."

दादा बोटांवर बेरीज करत होता, ६२ धरून १६५ व्हायला त्याला वेळ लागला. आईनं त्याच्यासाठी न थांबता झाकण काढलं.